याओ मिंग: 486 सामने आणि मोडलेला डावा पाय

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. ह्यूस्टनच्या संघाचा चिनी सेंटर याओ मिंग एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, फक्त 486 सामने खेळला, एकही विजेतेपद नाही, प्रेक्षकांच्या मतांच्या ऑल-स्टार सामन्याला चिनी मतांवर जायचा, तर तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या थोरांच्या यादीत कसा? इंदूरचे जुने खेळाडू त्याचं नाव निघालं की एवढे हळवे का होतात? आणि तुझा धाकटा भाऊ सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, म्हणून खेळतो, त्याला याओचे कोणते सामने दाखवायचे? शिवाय शेवटी सहज लिहिलं आहेस की भावाचा पाय अधूनमधून दुखतो. त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

मतांचं आधी उरकू. हो, मतं पडायची. 2003 मध्ये, पहिल्याच वर्षी, त्यानं लेकर्सच्या बलाढ्य सेंटर शकील ओनीलला मागे टाकून ऑल-स्टारच्या पहिल्या पाचांत जागा मिळवली आणि 2005 मध्ये 25 लाखांवर मतं घेऊन तेव्हाचा विक्रम केला. त्यात चीनचा वाटा मोठा होता, हे कुणीच नाकारत नाही. पण ऑल-एनबीए संघ, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे संघ, प्रेक्षक निवडत नाहीत. ते काम सामने रोज बघणारे पत्रकार आणि समालोचक करतात आणि त्यांनी याओला पाच वेळा निवडलं: 2004, 2006, 2007, 2008 आणि 2009. यातल्या बहुतेक वर्षी तो मध्येच जायबंदी होऊन बाहेर बसलेला होता, तरीही. हॉल ऑफ फेमचं म्हणशील तर तिथे एकट्या एनबीएचा हिशोब होत नाही, जगभरचं बास्केटबॉल बघतात. 2016 मध्ये तो शकील आणि ॲलन आयव्हर्सनबरोबर आत गेला आणि त्या दोघांच्या शेजारी तो मला कुठेही कमी वाटला नाही.

आता खेळाबद्दल. 2.29 मीटर उंचीचा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिंगखाली हात वर करून उभा असलेला खांब येतो. याओ तसा नव्हता. बॉल हातात आला की तो खाली आणायचाच नाही, खांद्याच्या वरच ठेवायचा. गार्ड लोकांनी (बॉल पुढे नेणाऱ्या बुटक्या खेळाडूंनी) कितीही हात मारले तरी तिथवर पोचायचे नाहीत. मग डाव्या किंवा उजव्या खांद्यावरून वळून उडी मारत शॉट, म्हणजे टर्नअराउंड जंपर, आणि तो इतका हलका पडायचा की रिंगला लागल्याचा आवाजही नसे. फ्री थ्रो कारकिर्दीत 83 टक्के. ज्या काळात फ्री थ्रो हुकवणाऱ्या शकीलला मुद्दाम फाउल करून फ्री थ्रोच्या लाइनवर उभं करायची सगळ्या संघांची युक्ती होती, त्या काळात संघातला सगळ्यात उंच माणूस शेवटच्या मिनिटाला बॉल द्यायला सगळ्यात भरवशाचा होता. 2006-07 च्या मोसमात त्यानं सामन्यामागे 25 गुण आणि 9.4 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे झेल) काढले. तो मोसम खरंच शांतपणे बघण्यासारखा आहे. पण त्यातही सामने 48 च, कारण डिसेंबरात समोरच्याचा शॉट ब्लॉक करायला गेला आणि उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं.

इंदूरचं विचारलंस म्हणून सांगतो. ह्यूस्टनमधला संध्याकाळी साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सातला लागायचा. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर सकाळची प्रॅक्टिस लवकर आटोपून आम्ही कुणाच्या तरी घरी जमायचो. रामबागेतल्या एका मित्राच्या आईनं तर सामना असला की पोहे जास्तच भिजवायचे असं ठरवून टाकलं होतं. आमच्यात मी सेंटर. त्या वेळी आमच्याकडे सेंटरला शिकवलेलं एकच: रिबाउंड घे आणि लगेच गार्डला दे. ड्रिबल करू नकोस, लांबून शॉट मारू नकोस. याओला हाय पोस्टवरून (फ्री थ्रो लाइनजवळून) पास काढताना, पंधरा फुटांवरून निवांत शॉट मारताना पाहिलं आणि आमच्या उंच पोरांना पहिल्यांदा वाटलं की हा खेळ आपलाही आहे. शिवाय तो आशियातला. शांघायहून आला होता, आईवडील दोघंही बास्केटबॉल खेळलेले, आई चीनच्या महिला संघाची कप्तान. अशी घरं आपल्या इंदुरातही आहेत भिया, जिथे आईच्या जुन्या ट्रॉफ्या शोकेसमध्ये असतात आणि मुलगा त्याच कॉम्प्लेक्सवर जातो. हळवे होण्याचं कारण एवढंच आहे.

पण त्याच्या दुखापतींबद्दल लोक जे बोलतात ते मला पटत नाही. «एवढी उंची, शरीर कसं पेलणार» असं म्हणून विषय मिटवतात. पहिल्या तीन मोसमांचे सामने बघ: 82, 82 आणि 80. म्हणजे तीन वर्षांत दोनच चुकले. नाजूक शरीराची ही लक्षणं नव्हेत. त्याच काळात त्याचे उन्हाळे बघ. 2002 मध्ये इंडियानापोलिसला विश्वचषक, 2003 मध्ये हार्बिनला आशियाई स्पर्धा, 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिक, 2005 मध्ये दोहाला पुन्हा आशियाई. एनबीएचा मोसम संपला की राष्ट्रीय संघ, तो संपला की ह्यूस्टनचा कॅम्प. सुमारे 140 किलोचा माणूस आणि हाडांना भरून यायला मोकळा महिना मिळत नाही.

मग एकामागून एक सुरू झालं. डिसेंबर 2005 मध्ये डाव्या पायाच्या अंगठ्याच्या हाडात संसर्ग, शस्त्रक्रिया. एप्रिल 2006 मध्ये तोच डावा पाय मोडला आणि त्याच ऑगस्टमध्ये तो जपानला विश्वचषकात उभा, स्पर्धेतली सर्वोच्च गुणांची सरासरी त्याची. डिसेंबरातलं उजव्या पायाचं वर लिहिलंच आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये डाव्या पायात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली चीर. तेव्हा ह्यूस्टनचे सलग 12 विजय झाले होते. पुढचे 10 त्याच्याशिवाय झाले आणि त्याच्या जागी 41 वर्षांचा डिकेम्बे मुटोम्बो पेंट, म्हणजे रिंगखालची जागा, सांभाळत होता. लगेच ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक. याओ ध्वज घेऊन चालला आणि अमेरिकेविरुद्ध चीनचे पहिले गुण त्यानंच काढले, तेही थ्री-पॉइंटरनं. तो शॉट आठवला की आजही अंगावर काटा येतो. देशात ऑलिंपिक असताना त्यानं घरी बसायला हवं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच्या आधीच्या सहा वर्षांत एखादा उन्हाळा कुणीतरी त्याला सक्तीनं सोफ्यावर बसवायला हवं होतं, हे मात्र मी दहा वेळा म्हणेन.

2009 चा प्ले-ऑफ, म्हणजे मोसमानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या, सगळ्यात जिव्हारी लागलेला. पहिली फेरी पोर्टलँडशी. पहिल्या सामन्यात याओचे 9 पैकी 9 शॉट आत, 24 गुण. समोर ग्रेग ओडेन, 2007 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडलेला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिलं अख्खं वर्ष बाहेर बसलेला. ब्रँडन रॉय पण त्यांच्याच संघात. दुसऱ्या सामन्यात मुटोम्बोचा गुडघा गेला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. रॉयचे गुडघे पुढे अडीच वर्षांत संपले, ओडेन एनबीएत एकूण 105 सामनेच खेळला. त्या मालिकेची रेकॉर्डिंग मी परत लावली की बॉलपेक्षा सगळ्यांच्या पायांकडेच माझं लक्ष जातं. ह्यूस्टन 4-2 नं जिंकलं आणि याओ पहिल्यांदा दुसऱ्या फेरीत गेला.

तिथे लॉस एंजेलिसचे लेकर्स. आपल्याकडे 5 मेची सकाळ. पहिल्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सच्या कोबी ब्रायंटच्या गुडघ्याशी याओचा गुडघा आपटला, याओ लंगडत बोगद्याकडे निघाला. तिथे थांबला. आत चल म्हणणाऱ्यांना नाही म्हणाला आणि परत कोर्टवर आला. शेवटच्या मिनिटांत शांतपणे फ्री थ्रो टाकले. 28 गुण, 10 रिबाउंड, ह्यूस्टन 100-92. दोन सामन्यांनी डाव्या पायात बारीक फ्रॅक्चर निघालं आणि तो मालिकेतून बाहेर. त्याच्याशिवायही ह्यूस्टननं लेकर्सना सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि लेकर्स त्या वर्षी विजेते झाले. याओ असता तर काय, हा वाद आमच्यात अजून चालतो. माझं मत: सात सामन्यांतही लेकर्स जिंकले नसते.

जुलै 2009 मध्ये हाडाचं रोपण केलं आणि पायाची कमान थोडी खाली आणली, म्हणजे भार कमी पडावा. अख्खा मोसम गेला. 2010-11 मध्ये सामन्यामागे 24 मिनिटांची मर्यादा घालून उतरला, पाच सामने झाले आणि डाव्या घोट्यात पुन्हा स्ट्रेस फ्रॅक्चर. 20 जुलै 2011 ला निवृत्ती. वय 30.

आता तुझ्या भावाचं. पायाच्या कमानीच्या माथ्यावर नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं. उडी मारताना, वळताना ते दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे पडलेली चीर लवकर भरत नाही. 1978 मध्ये पोर्टलँडचा सेंटर बिल वॉल्टन वेदनाशामक इंजेक्शन घेऊन प्ले-ऑफ खेळला आणि त्याचं हेच हाड मोडलं. पोर्टलँडला आदल्या वर्षी विजेतेपद मिळवून देणारा माणूस पुढचा पूर्ण मोसम बाहेर. कारकीर्द 468 सामन्यांची, याओपेक्षाही कमी. झायड्रुनास इल्गाउस्कस या दुसऱ्या सेंटरच्या पायावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, दोन पूर्ण मोसम गेले, पण पाय नीट बांधला गेल्यावर तो दोनदा ऑल-स्टार झाला आणि 2011 पर्यंत खेळला. म्हणजे वेळ दिला तर माणूस परत येतो.

उंच पोराला आपल्याकडे कोण वेळ देतो? तो शाळेच्या संघात, क्लबच्या संघात, स्वतःच्या वयोगटात आणि वरच्या वयोगटातही, कारण उंच आहे. सकाळी कॉम्प्लेक्स, संध्याकाळी शाळेचं सिमेंटचं मैदान. मी ज्या मुलांना शिकवतो त्यांच्या वडिलांना स्पष्ट सांगतो की वर्षात दोन महिने बास्केटबॉल बंद, पोहू दे, सायकल चालवू दे. काहींना राग येतो. येऊ दे.

भावाला घोट्याच्या पुढे, पायाच्या वरच्या बाजूला बोटानं दाबून बघायला सांग. एका ठरावीक जागी दुखत असेल, खेळताना वाढत असेल आणि आरामानं कमी होत असेल, तर लचक समजून बर्फ लावत खेळवू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेत ही चीर बरेचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं चालू असेल तर एमआरआयबद्दल विचारा. चीर निघालीच तर बहुतेक वेळा सहा आठवडे प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. जिल्ह्याची निवड चाचणी त्या काळात आली तर चुकू दे.

आणि सामने: 17 जानेवारी 2003 चा लेकर्सविरुद्धचा, शकीलशी पहिली भेट. सुरुवातीच्या मिनिटांतच याओ त्याचे शॉट ब्लॉक करतो, ओव्हरटाइममध्ये शेवटी डंक करतो, म्हणजे बॉल थेट रिंगमध्ये कोंबतो, आणि ह्यूस्टन 108-104 जिंकतं. मग 2009 मधला पोर्टलँडचा पहिला सामना, त्यात फक्त पायांची ठेवण आणि बॉल कुठे धरतो ते बघायला सांग. मग लेकर्सचा तो 28 गुणांचा. प्लास्टर लागलंच तर सहा आठवड्यांत तिन्ही दोनदा बघून होतील. मला इथेच कळव डॉक्टर काय म्हणाले ते.