भाजल्याच्या जुन्या व्रणावर जखम झाली आहे, भरत नाही. कॅन्सर असेल का?

असू शकतो, म्हणून नुसती मलमं लावत बसू नका. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा हा स्क्वॅमस सेल कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो मुख्यतः उन्हामुळे होतो. सावळ्या त्वचेत भाजल्याचे व्रण आणि वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमा हे मोठं कारण. काश्मीरमध्ये फेरनच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे छोटी शेगडी धरून मांड्या-पोटावर होतो तो हाच.

जखमेची कड जाड, उलटलेली आहे का? हात लागताच रक्त येतं का? वास येतो? मग लगेच त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन गाठा. जागा बधिर करून कडेचा छोटा तुकडा काढतात, तीच बायोप्सी. खात्रीचं निदान त्यावरच होतं. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती कृपया मनातून काढा, तिच्यापायी माणसं मौल्यवान महिने घालवतात. काखेत, जांघेत गाठ लागत असेल तर तीही दाखवा. लवकर सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो.