पाइपात ऑइल दिसलं म्हणजे टर्बो गेला का?

प्रश्न : नमस्कार सर, माझी डिझेल पिकअप आहे, 1,80,000 किमी झालेत, माल भरूनच चालते. गेल्या सहा महिन्यांपासून ऑइल कमी होतंय, साधारण 2,000 किमीत डिपस्टिकची वरची खूण सोडून खालच्या खुणेवर येतं. मेकॅनिकने इंटरकूलरचा पाइप काढून दाखवला, आत बोट घातलं तर बोट काळं ओलं झालं, तो म्हणाला टर्बोचं सील गेलंय, टर्बो बदला. पिकअप तशी ओढते, शिट्टीचा आवाज नाही. बराच वेळ उभी ठेवून निघालो की एकदा निळसर धूर सोडते आणि मग साफ. खाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरही ओलं दिसतं. ऑइल कमी पडायला नको म्हणून मी हल्ली वरच्या खुणेच्या थोडं वरच भरतो. डिपस्टिक मात्र अधूनमधून आपोआप वर आलेली सापडते, ती लूज झाली असेल. टर्बो बदलू का?

उत्तर : थांबा जरा. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय, ती डिपस्टिकची, पण तिच्याकडे नंतर येतो.

आधी ते ओलं बोट. तुमच्या गाडीइतकं चाललेल्या जवळपास कुठल्याही टर्बो डिझेलचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, इंटरकूलर म्हणजे ती हवा गार करणारी जाळी) इंटरकूलर पाइप काढा, आत ऑइलचा हात लागणारच. कारण पिस्टन रिंगच्या कडेने थोडा गॅस कायम खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असतं तिथे, उतरत असतो, त्याला आपण ब्लो-बाय म्हणतो, हा गॅस ऑइलची वाफ सोबत घेऊन टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणावरच्या) ब्रीदरमधून, म्हणजे वाफ सोडायच्या तोंडातून, बाहेर पडतो आणि ब्रीदरचा पाइप बहुतेक गाड्यांत एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधे जोडलेला असतो. म्हणजे टर्बो ती वाफ ओढतो आणि पुढे इंटरकूलरमध्ये ढकलतो. बोटाला लागेल इतकं ऑइल असेल तर तो नुसता वापर आहे. पाइप तिरका केल्यावर धार लागली, इंटरकूलरच्या तळाशी डबकं साचलं असलं तर मात्र बघायला हवं.

आता टर्बोचं सील. ह्या शब्दाने फार गोंधळ होतो, लोकांना वाटतं आत रबरचं ऑइल सील आहे आणि ते कडक होऊन फाटतं. तसं काही नसतं. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथे रबर टिकेल कसं? आत पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी रिंग असते आणि ऑइल अडवायचं अर्धं काम रिंग करते, अर्धं काम दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक करतो. ऑइल वरून बारीक पाइपने दाबाने आत येतं, बेअरिंगमधून जाऊन फेस होऊन खाली पडतं आणि जाड पाइपने नुसतं स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत जातं, तिथे पंप वगैरे काही नाही. म्हणून परतीचा पाइप एवढा जाड ठेवलेला असतो. तो पाइप चोंदला, किंवा चेंबरमध्ये दाब वाढला, किंवा चेंबरमधलं ऑइलच इतकं वर आलं की परतीच्या तोंडाला अडथळा झाला, तर ऑइल टर्बोतच तुंबतं आणि मग मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. टर्बो बिचारा चांगला असतो. त्यात एअर फिल्टर धुळीने भरलेला असला की कॉम्प्रेसरच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या) तोंडाशी ओढ वाढते, विशेषतः इंजिन आयडलला, म्हणजे पाय न देता नुसतं चालू असताना जेव्हा टर्बो स्वतःचा दाब तयार करत नाही, तेव्हा ऑइल त्या बाजूला खेचलं जातं.

आता तुमची डिपस्टिक. ती लूज झाली असेलही, पण चेंबरमध्ये दाब वाढला की डिपस्टिक वर उचलली जाते हे जुनं लक्षण आहे. तोच दाब क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून ऑइल ढकलतो, म्हणून गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं. तोच दाब टर्बोचं परतीचं ऑइल अडवतो, म्हणून उभ्या गाडीत ऑइल झिरपून साचतं आणि निघताना निळा धूर. तिन्ही गोष्टी एकाच कारणाच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे आणि वर तुम्ही खुणेच्या वर ऑइल भरून त्याला हातभार लावताय. खुणेच्या वर भरलेलं ऑइल राखीव म्हणून राहत नाही हो, क्रँक ते घुसळतो, फेस करतो आणि ब्रीदरमधून फेकून देतो. ते आधी बंद करा, जास्तीचं काढून टाका.

मग हे बघा. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण सोडवा आणि तसंच तोंडावर नुसतं ठेवा, आवळू नका. थोडं थरथरलं, हलका धूर आला तर ठीक, डिझेलमध्ये एवढं चालतं. झाकण उडायला लागलं, भसाभस वाफ आली तर दाब जास्त आहे. पण म्हणजे लगेच रिंगा गेल्या असं नाही, आधी ब्रीदरचा पाइप आणि त्याचा सेपरेटर (वाफेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) काढून फुंकून बघा, आत काळा चिकट गाळ जमून तोंड बंद झालेलं मी कितीतरी इंजिनांत पाहिलंय. ज्या गाडीत फिल्टरवाला ब्रीदर असतो त्यात तो फिल्टर बदलायचाच असतो आणि तो कोणी बदलत नाही. ब्रीदर साफ असूनही झाकण उडत असेल तर मग कॉम्प्रेशन आणि लीकेज टेस्ट (सिलिंडर दाब धरतात का ते बघणारी) करा, तेव्हा खरी इंजिनची तब्येत कळेल.

ब्रीदर दोषी की टर्बो हे पक्कं करायचं असेल तर एक साधी युक्ती आहे. सगळे पाइप आणि इंटरकूलर आतून धुऊन कोरडे करा, ब्रीदरचा पाइप तात्पुरता काढून खाली एका हवेशीर बाटलीत सोडा (बाटलीचं तोंड सीलबंद करू नका, नाहीतर दाब आणखी वाढेल), आणि जिथून काढला ते एअर पाइपवरचं तोंड नीट बंद करा, ते उघडं राहिलं तर धूळ सरळ टर्बोत जाईल. दोन-तीनशे किलोमीटर चालवा. पाइप कोरडे आणि बाटलीत ऑइल, तर टर्बो सुटला. बाटली रिकामी आणि टर्बोच्या पुढचा पाइप ओला, तर मेकॅनिक बरोबर होता. टेस्ट झाली की पाइप परत जागेवर लावा, ती वाफ बाहेर सोडून गाडी चालवायची नसते.

टर्बो हातानेही तपासता येतो, इंजिन बंद आणि गार असताना. एअर फिल्टरकडचा पाइप काढून शाफ्टचं टोक चिमटीत धरा. वरखाली किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलचा थर नसताना तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. आतबाहेर ढकलून बघा, तिकडे जाणवण्यासारखा प्ले नको. पाती घराला घासल्याच्या खुणा, वाकलेलं पातं, फिरवताना अडकणं, ह्यातलं काही दिसलं तर टर्बो गेलाच समजा. आणि सायलेन्सरच्या बाजूने बघायचं तर टर्बोतून धूर बाहेर पडायचं तोंड ओलं पण मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर टर्बोकडे नेणारा पाइप) कोरडा, हा टर्बोचा पुरावा. मॅनिफोल्डच ओला असेल तर ऑइल सिलिंडरमधून येतंय, मग व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगा. तुमचा उभं राहिल्यावरचा धूर व्हॉल्व्ह सीलचाही असू शकतो, हे विसरू नका.

बाहेरच्या लीकेजबद्दल एवढंच, की धुतल्याशिवाय निदान करू नका. चालत्या गाडीत वारा ऑइल मागे नेतो, त्यामुळे ओलं जिथे दिसतं तिथून ते निघालेलं असेलच असं नाही, टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरलं तरी ओघळ इंजिनच्या पाठीवरून उतरून बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येतो आणि लोक क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवून बसतात.

प्रश्न : महिन्यापूर्वी नवीन टर्बो टाकला, आता आधीपेक्षा जास्त धूर मारतेय. टर्बोच खराब निघाला का?

उत्तर : इंटरकूलर धुतला होता का ते आधी विचारा. जुन्या टर्बोने ओतलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये असतं, ते पुढे काही दिवस जळत राहतं, आणि सायलेन्सरमध्ये बसलेलंही. पण महिना झाला म्हणता, एवढे दिवस लागत नाहीत. परतीचा पाइप काढून आतून बघा, पॅकिंगला सिलिकॉन लावलेलं असेल तर त्याचा तुकडा आत लोंबतोय का ते बघा, तिथे सिलिकॉन लावायचंच नसतं. येणाऱ्या पाइपच्या बोल्टला तांब्याचे वायसर नवीन टाकले का, बसवताना टर्बोत ऑइल घातलं का, की कोरडाच फिरवला, हेही विचारा. जुना टर्बो ज्या कारणाने गेला ते कारण तसंच ठेवलं तर नवा पण जातो.

आणि हे सगळ्यांनीच वाचा. इंटरकूलरमध्ये ऑइल भरपूर साचलेलं असताना गाडी तशीच दामटवू नका. ते ऑइल एकदम आत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, आरपीएम वाढतच जातं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला तुमच्या डिझेलची गरज उरलेली नसते. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर माणसं लांब न्या. हवेच्या पाइपवर उघडा हात ठेवायला जाऊ नका.

प्रश्न : माझ्या गाडीत उलटंच होतंय, ऑइल वाढतंय. चांगलं की वाईट?

उत्तर : वाईट. ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, नाहीतर पाणी. डिपस्टिक हुंगून बघा, डिझेल असेल तर त्याचा वास येईल आणि ऑइल पातळ लागेल. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवून जाळणारा फिल्टर असलेली) गाडी छोट्या छोट्या फेऱ्या मारत असेल तर डीपीएफचं जाळणं अर्धवट राहून डिझेल खाली जातं, नाहीतर इंजेक्टर गळतोय. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालू करू नका, ऑइल कूलर आणि हेड गॅस्केट बघून घ्या. पातळ ऑइलवर सगळ्यात आधी टर्बोचं बेअरिंग जातं, त्यामुळे कारण सापडेपर्यंत माल भरून चढ चढवू नका.