‘स्टेशनपासून दहा मिनिटं’: नोकरी मुंबईत, घर बदलापूरला की डोंबिवलीला?

मुंबईत घर परवडत नाही, कल्याणच्या आसपास किंवा पुढे परवडतं, पण रोजचा प्रवास झेपेल का आणि लांब गेलो तर पस्तावू का, हा प्रश्न घेऊन बरीच जोडपी समुपदेशनाला येतात. येतात तेव्हा मुद्दा घराचा राहिलेला नसतो, तो ‘तू माझं ऐकत नाहीस’वर आलेला असतो. इथे दिलेल्या जोडप्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती फोर्टमध्ये नोकरीला, आठवड्याचे पाचही दिवस. तो ऐरोलीत, तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. मुलगी चार वर्षांची. राहायला मुलुंडला, भाड्याने. त्याने बदलापूर पश्चिमेला नव्या इमारतीतला टू बीएचके पसंत केला होता. तिला डोंबिवलीतला जुना वन बीएचके हवा होता. तो लहान, वर १२ लाखांनी महाग. त्याचं म्हणणं सरळ होतं: सीएसएमटीपर्यंत डोंबिवलीहून फास्ट लोकलला ६८ मिनिटं लागतात, बदलापूरहून ८८. वीस मिनिटांसाठी १२ लाख कोण मोजतं? तिच्याकडे याला उत्तर नव्हतं. ती फक्त ‘मला नाही जमणार’ म्हणायची आणि रडू आवरायची.

अशा वेळी मनाच्या गाठी सोडवायला लगेच बसू नये. आधी घड्याळ लावावं. मोबाइलमधलं वेळापत्रक गाडीचा वेळ सांगतं, माणसाचा सांगत नाही. तिची मावसबहीण बदलापूरला राहते. तिच्याकडे दोघांनी मंगळवार ते गुरुवार मुक्काम करायचा, सकाळी त्या नव्या इमारतीच्या दारातून निघायचं आणि प्रत्येक टप्पा वहीत लिहायचा, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात तेच डोंबिवलीत. सोमवार आणि शुक्रवार टाळले, कारण त्या दिवशींची गर्दी नेहमीपेक्षा थोडी वेगळी असते.

बदलापूरच्या त्या इमारतीच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ वहीत असं उतरलं: शेअर रिक्षाच्या रांगेत १२ मिनिटं, रिक्षात १४, पूल चढून फलाटावर यायला ५. म्हणजे ३१. पुढे गाडीची वाट ८, गाडीत ८८, सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत चालत १२. एकूण १३९ मिनिटं. डोंबिवलीत घर ते स्टेशन पायी १४, पूल ४, एक भरलेली गाडी सोडून दुसरी पकडेपर्यंत १०, गाडीत ६८, चालत १२. एकूण १०८.

फरक वीस नव्हे, ३१ मिनिटांचा निघाला. त्यातले वीस गाडीचे, बाकीचे जवळपास सगळे रिक्षाचे. ऐरोलीला जाताना ठाण्याला गाडी बदलावी लागते, पण घराकडच्या टोकाचा फरक त्यालाही तेवढाच. महिन्याला तिचे २२ दिवस आणि त्याचे १३ धरले, तर येऊन-जाऊन दोघांचे मिळून ३६ तास.

आता पैसे. १२ लाखांच्या जादा कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी महिना साधारण १०,४०० रुपये. बदलापूरला गेलं की तो वाचतो. त्यातून शेअर रिक्षाचे १,४०० गेले (७० फेऱ्या, दर फेरीला २० रुपये). पाळणाघरात मुलीला रोज तासभर जास्त ठेवायचे १,५०० गेले. उरले ७,५००. ३६ तासांसाठी ७,५००, म्हणजे तासाला दोनशेच्या थोडे वर. हा सौदा चांगला की वाईट, ते समुपदेशकाने सांगायचं नसतं. पण आकडा समोर आल्यावर दोघांचाही आवाज खाली आला, आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

तिची भीती वेळेची नव्हतीच. पाळणाघर साडेसातला बंद होतं. गाडी कुठेतरी अडकली आणि तोही ऐरोलीत असला, तर मुलीला घ्यायला कोण जाणार? हा प्रश्न तिने कधी नीट उच्चारलाच नव्हता, कारण त्यावर ‘रोज थोडीच गाडी बंद पडते’ हे उत्तर ठरलेलं होतं. रोज पडत नाही, खरं आहे. पण जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, हे त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

आणि त्याचा हट्ट दुसऱ्या खोलीचा. त्याच्या आईचे गुडघे गेलेत, दोनेक वर्षांत त्या इकडे येणार. वन बीएचकेमध्ये आईने हॉलमध्ये झोपायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. ‘मोठं घर हवं’ एवढंच तो बोलायचा, आणि तिला त्यात मिरवायची हौस दिसायची.

मग अटी नव्याने लिहिल्या. दोन झोपायच्या खोल्या. लिफ्ट, किंवा पहिला मजला. स्टेशन पायी पंधरा मिनिटांच्या आत. गावाचं नाव यादीत नव्हतंच. घर शोधणाऱ्या बहुतेकांची चूक इथे होते: ते आधी गाव ठरवतात आणि मग त्या गावात बजेट जिकडे ढकलेल तिकडे, तीन-चार किलोमीटर आत, जातात. त्यापेक्षा एक-दोन स्टेशनं पुढचं, पण स्टेशनला लागून असलेलं घर पुष्कळदा बरं पडतं.

यांना ते बदलापूरलाच मिळालं, पूर्वेला, पंधरा वर्षं जुन्या इमारतीत. स्टेशन नऊ मिनिटं. बदलापूरहून सुटणाऱ्या काही लोकल असतात आणि तिला त्यात बसायला मिळतं. त्यासाठी फलाटावर पाच मिनिटं आधी उभं राहावं लागतं. (गाडी रिकामी येईल असं मात्र धरू नका. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलटी येऊन आधीच बसलेली असतात.) सगळं धरून १२६ मिनिटं, डोंबिवलीपेक्षा १८ जास्त. पण दीड तास बसून जाणं आणि तासभर दारापाशी चेंगरत उभं राहणं यात तिने बसणं निवडलं. ही निवड तिची होती, त्याने गळी उतरवलेली नव्हती.

घर लगेच विकत घेतलं नाही. त्याच इमारतीत दुसऱ्या मालकाची जागा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतली, मे महिन्यापासून, म्हणजे पावसाळा पूर्ण हाती लागेल. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, टँकर महिन्यातून किती मागवावे लागतात, शेवटच्या गाडीने उतरल्यावर रिक्षा मिळते का, हे भाडेकरूला आठ दिवसांत कळतं. घर बघायला रविवारी दुपारी गेलेल्याला ते कधीच कळत नाही, आणि त्यात मेगा ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी) असला तर स्टेशनची गर्दीही खोटी दिसते.

कागदांकडे त्याने स्वतः लक्ष दिलं. नदीकाठच्या गावात पूररेषा बघावीच: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुन्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, सोसायटी नोंदलेली आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारावं. नवीन इमारतीत घर घेणाऱ्याने केवळ महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर तो क्रमांक मिळवला होता आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. बांधकाम परवानगी पालिकेत जाऊन पडताळावी. बदलापूरसाठी ती कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही हप्त्याच्या हिशेबात धरावं.

पाळणाघराचा प्रश्न कागदावर सुटला नाही, माणसांनी सुटला. मावसबहिणीचं नाव ‘मुलीला नेऊ शकणारी व्यक्ती’ म्हणून फोटोसह नोंदवलं. शिवाय घरात एक नियम केला: संध्याकाळी सहा वाजता ज्याची गाडी सुटलेली नसेल, त्याने मावसबहिणीला फोन करायचा. गाडीत बसल्यावर रेंज मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून फोन आधी.

जुलै-ऑगस्टमध्ये चार वेळा मावशीला जावं लागलं. त्याची आई दिवाळीनंतरच राहायला आली. करार संपायला दोन महिने आहेत, आणि ते त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा विचार करताहेत. लिफ्ट आहे, वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालते का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायचं बाकी आहे.