बंबात जाणाऱ्या दुधाच्या पिशव्या

प्रश्न : आमच्याकडे अंघोळीचं पाणी बंबावर तापतं. सासूबाई तो पेटवायला दुधाच्या पिशव्या घालतात. धुरानं मुलगा खोकतो. त्यांना सांगू कसं?
– एक सून, खानापूर

उत्तर : वहिनी, आमच्या वडगावच्या घरी आईही हेच करायची, तेही न्हाणीचं दार लावून. तो काळा, चिकट धूर अजून माझ्या नाकात आहे. पिशवी अर्धवट जळली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडतात. पीव्हीसीचा, म्हणजे पाइपांच्या प्लास्टिकचा, तुकडा त्यात गेला तर डायऑक्सिनसारखी विषंही. मुलाला आजपासून तिथून लांब ठेवा, खोकला डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना पेटवण हवंय. नारळाच्या शेंड्या नि करवंट्या टोपलीत भरून बंबापाशी ठेवा. आई तेवढ्यानंच बदलली.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तिकोनी तुकडा थेट गटारात जातो, कुणाच्याच हाती लागत नाही. रिकामी पिशवी विसळा, पाणी कढीपत्त्याला घाला, पिशवी चिमट्यानं दोरीवर वाळवा. स्वच्छ, कोरड्या पिशव्या भंगारवाला सहसा घेतो, आंबूस वासाच्या नाही. चिप्सची चकाकती पाकिटं मात्र सुक्या कचऱ्यात. त्यांचे प्लास्टिक नि धातूचे चिकटवलेले थर सुटत नाहीत.

आणि कर्नाटकात २०१६पासून सामान नेण्याच्या प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, तरी बाजारातून त्या येतातच. मी बेळगावच्या गणपत गल्लीत बाजाराला जाताना जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या नेते, एक भाजीला, एक ओल्या कोथिंबिरीला.