सर्वेक्षणाला निघण्याआधी

फॉर्म भरायची घाई करू नकोस. पहिला दिवस नुसता आशाताईंबरोबर, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीबरोबर फिर. कोण बाळंतीण आहे, कोण माहेरी गेलीय, हे तुझ्या टॅबच्या आधी त्यांच्या वहीत असतं.

बालमृत्यूची माहिती काढताना "मूल गेलं का?" असं थेट विचारायचं नाही. बाळंतपणं किती झाली, प्रत्येक मूल आता कुठंय, असं क्रमानं विचार. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ बरेचदा कुणी मोजतच नाही. आकडा तिथंच चुकतो. मी पहिल्या वर्षी असाच फसलो आणि सगळी घरं पुन्हा पालथी घातली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेऊन ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी! १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण बाळाला झोळीत घालून वजन करणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या होत्या गावातल्याच बाया. आता देशभर आशाताई तेच करतात.

आणि हो, निष्कर्ष हाती आले की आधी त्याच गावात जाऊन सांग, त्यांच्या बोलीत. नाहीतर पुढच्या खेपेला दार उघडत नाहीत.