मुंबईत नवी हायब्रिड गाडी घेतली तर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का?

नाही, पगारदार माणसाला हायब्रिड गाडीवर इन्कम टॅक्समध्ये काहीच वजावट नाही. रिटर्न भरून देण्याचं काम करतो, दर जुलैत हा प्रश्न येतोच. लोक ज्या 'दीड लाखाच्या सवलती'बद्दल बोलतात ते इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ८०ईईबी, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जासाठीचं. ती सवलत फक्त कर्जाच्या व्याजावर, तीही १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ दरम्यान मंजूर झालेल्या कर्जासाठी. शिवाय कलमातली व्याख्याच अशी आहे की गाडी निव्वळ बॅटरी-मोटरवर चालली पाहिजे. पेट्रोलची टाकी असली की विषय संपला. इलेक्ट्रिक गाड्यांसारखी हिरवी नंबरप्लेटही नाही आणि अटल सेतूवर टोलमाफीही नाही. सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसी इंजिन आणि ४ मीटर लांबीच्या आतल्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के जीएसटी आहे खरा, पण ग्रँड विटारा, हायरायडरसारख्या हायब्रिड गाड्या या मापात बसत नाहीत, त्यांना ४० टक्केच. मात्र स्वतःचा धंदा किंवा प्रॅक्टिस असेल आणि गाडी त्यासाठी फिरत असेल, तर वर्षाला १५ टक्के घसारा (वापराने गाडीची घटणारी किंमत) आणि कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं, घरगुती वापराचा हिस्सा वगळून.