वजनकाट्यावरचं ‘बोन मास’ म्हणजे हाडांची तपासणी नव्हे

ताई, पाळी जाऊन चार वर्षं, पाच महिन्यांत वजन ६८ वरून ५९, आणि जिमच्या वजनकाट्याच्या कागदावर ‘बोन मास २.३ किलो, नॉर्मल’. मग डेक्सा (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) कशाला, असं तुम्ही विचारलंय. अशाच कागदावर विसंबून मीही डेक्सा दोन वर्षं पुढे ढकलली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

त्या काट्याने तुमची हाडं मोजलेलीच नाहीत. तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतात. पाणी धरून ठेवणाऱ्या स्नायूतून तो सहज वाहतो, चरबी त्याला अडवते. त्यावरून स्नायू आणि चरबीचा अंदाज निघतो. ‘बोन मास’ हा त्या अंदाजावरचा अंदाज, उंची-वजन-वय घालून सूत्राने काढलेला. हाड आतून विरळ झालं तरी हा आकडा जागचा हलत नाही. असा कागद देऊन पन्नाशीच्या बाईला ‘हाडं ठणठणीत’ सांगणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. तिची खरी तपासणी तिथेच थांबते.

डेक्सा कंबर आणि खुबा, दोन्हींची करा. नुसता टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून दिलेला आकडा) नको, चित्रांसकट प्रिंट मागून घ्या. मणक्यांची झीज होऊन हाड वाढलेलं असेल तर कमरेचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, तेव्हा खुब्याचा धरायचा. पुढची डेक्सा त्याच मशीनवर. दोन वेगळ्या मशीनच्या आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही. आणि त्या दिवशी कॅल्शियमची गोळी तपासणीनंतर घ्या.

आता ते नऊ किलो. नुसतं जेवण तोडून उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी नसतेच, त्यात बराचसा स्नायू जातो. स्नायूची ओढ आणि अंगाचा भार यांवरच हाड टिकतं. शिवाय पाळी गेल्यावर जे थोडं इस्ट्रोजेन (हाडं जपणारं स्त्री-संप्रेरक) बनतं ते मुख्यतः चरबीत, म्हणून फार बारीक बायकांना धोका जास्त. (पोट सुटू द्या असं मी म्हणत नाही. पोटाच्या आतली चरबी हाडाच्या कामाची नाही, आणि लठ्ठ बायकांचा खुबा कमी मोडला तरी घोटा जास्त मोडतो.) वजन पुन्हा वाढलं तर परत येते ती मुख्यतः चरबी. गेलेलं हाड तसं परतत नाही.

डेक्सा होईपर्यंत आणखी वजन उतरवू नका, हे माझं ठाम मत. रोज ६०-७० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर पातळ आमटीत ती जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात, त्यामुळे दोन अंडी किंवा पनीर, आणि पाव लिटर दूध (आठ ग्रॅम, शिवाय ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम) मुद्दाम धरा. नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून. मणका दबलेला निघाला तर कमरेत वाकून करायची आसनं बंद.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको.